दोन सरकारांचा एक नारळ

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मीसुद्धा अजून दुसऱ्याच वर्षाला आहे. वडील वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती उचलतात. आमच्या घरात आजवर लिहायचा प्रसंग आला तो फक्त ताईच्या लग्नाच्या पत्रिकेचा, आणि तीसुद्धा छापखान्यातल्या माणसानेच लिहून दिली. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचं ते ताईचे सासरे. मुलीकडच्या माणसाने मुलाकडच्यांविषयी लिहायचं म्हणजे काय, हे ज्यांना बहिणी आहेत त्यांना सांगायला नको. ताईने फोनवर बजावलं आहे, "लिही बाबा, पण मामंजींचं नाव टाकू नको आणि आमच्या वसाहतीचं तर अजिबात नको. मला नांदायचंय." म्हणून दोन्ही नावं गाळतो. तरी एक विधान करायचं धाडस करतो. बेलापूरपासून उरणपर्यंत गेल्या कित्येक वर्षांत जेवढे रस्ते झाले, त्यातला एकही ताईच्या सासऱ्यांचा हात लागल्याशिवाय झालेला नाही. ते इंजिनियर नाहीत, कंत्राटदार नाहीत, नगरसेवक तर नाहीतच. ते भूमिपूजनाचे नारळ तयार करतात.

हे जरा नीट सांगायला हवं. मामा (मी त्यांना मामा म्हणतो) मूळचे साताऱ्याकडचे, आणि उभा जन्म मार्केटात नारळाच्या गाळ्यावर माथाडी म्हणून काढलेले. रस्त्याच्या भूमिपूजनाला नेता येतो, हार घालून घेतो, आणि दगडावर नारळ आपटतो. तो नारळ पहिल्या फटक्यात फुटला तर ठीक. उसळून परत आला तर निवडणूक हरण्यापेक्षा वाईट, कारण समोर मोबाइल धरलेली माणसं असतात. म्हणून सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते आदल्या दिवशी मामांकडे येतात. मामा नारळ निवडतात, बोटाने वाजवतात, कानाशी धरतात, आणि कोयत्याच्या पाठीने त्याच्या पोटावर केसाएवढी चीर देतात. चिरेत ओलं कुंकू भरलं की बाहेरच्याला वाटतं, नारळाची यथासांग पूजा झाली आहे. नेत्याने तो दगडाला नुसता दाखवला तरी पुरतो. "नेत्याला वाटतं, आपल्याच हातात जोर हाय," मामा म्हणायचे. "वाटू द्यावं. त्याच जोरावर पुढं डांबर पडतं." या कामाचे ते पैसे घेत नसत, फुटलेल्या नारळातली एक वाटी घेत. दिवाळे गावात खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वेळी तीही मिळाली नाही. मासळी घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "मामा, नारल हतंच ठेवा, कालवनाला पायजे," आणि त्याच्या बदल्यात तिने त्यांच्या पिशवीत सुके बोंबील कोंबले. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मामांच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, हे ते अभिमानाने सांगत.

वाजवून बघायची त्यांची सवय मात्र नारळापुरती नव्हती. कलिंगड, दरवाजा, नवीन टीव्ही, शेजाऱ्याने घेतलेल्या गाडीचं बॉनेट, सगळं ते वाजवून बघत आणि मान हलवत. ताईच्या लग्नाच्या बैठकीला माझ्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे नारळ पुढे केला, तर मामांनी तो सगळ्यांदेखत कानाशी धरून वाजवला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो खवट निघंल." माझ्या वडिलांचा चेहरा असा झाला की आता लग्न मोडतंय. तेवढ्यात मामाच पुढे म्हणाले, "पोरगी मात्र चांगली हाय. नारळ बदला, पोरगी ऱ्हाऊ द्या." नारळ खरोखर खवट निघाला. वडिलांनी तो राग अजून सोडलेला नाही. माझ्याशी त्यांची ओळख झाली ती अशीच. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या, ऐकलं, आणि म्हणाले, "शिकू द्या याला." मी कॉलेजात गेलो त्याचं श्रेय कुणाकुणाला द्यायचं ते द्यावं, पण या टिचक्या मी विसरलेलो नाही.

मी राज्यशास्त्र घेतलं. पहिल्याच वर्षी सरांनी प्रकल्पाला विषय दिला, स्थानिक रस्त्यांचा खर्च पालिका आणि राज्य यांच्यात कसा वाटला जातो. मला पुस्तकातली वाक्यं पाठ होत होती, पण समजत नव्हती. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "सोपं हाय की. माझी पोरं बग." थोरला मुलगा, म्हणजे आमचे दाजी, म्हणजे पालिका. जवळ राहतो, रोज दिसतो, म्हणून रोज शिव्या खातो. धाकटा पुण्याला कंपनीत आहे, तो राज्य. लांब राहतो, चांगलं कमावतो, सणाला येतो, आल्यावर मोठी घोषणा करतो आणि जेवून जातो. घरातला फ्रिज बंद पडला तेव्हा धाकट्याने घोषणा केली, "दादाने अर्धे घातले की माझे अर्धे लगेच पाठवतो." दाजी म्हणाले, "त्याचे आले की मी आणतोच." कुणीच नाही म्हणालं नाही. त्या उन्हाळ्यात ताईकडे माठातलं पाणी फार गार मिळायचं. तेव्हापासून घरात धाकट्या मुलाचं नावच राज्य पडलं. फोन वाजला की ताईच्या सासूबाई आतून ओरडत, "अहो, राज्याचा फोन आलाय, घ्या!" मी हे उदाहरण प्रकल्पात घातलं. सरांनी त्याखाली लाल शाईने एक रेघ मारली, पण खोडलं नाही.

आता मुख्य रस्त्याकडे येतो. ताईच्या वसाहतीतून महामार्गाकडे जायला एकच रस्ता. त्याचा महामार्गाकडचा तुकडा राज्याचा, वसाहतीकडचा पालिकेचा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे नाल्यावर एक मोरी. दोन्ही तुकडे वाईट होते, पण मोरीवर जो खड्डा होता त्याला तोड नव्हती, कारण तो दोघांचा होता. सगळा रस्ता काँक्रीटचा करायचा आणि खर्च दोघांनी वाटून घ्यायचा, असं फार पूर्वीच ठरलं होतं. राज्याचं म्हणणं, पालिकेने आपला हिस्सा आधी भरावा, मग आम्ही आमचा सोडतो. पालिकेचं म्हणणं, राज्याचा हिस्सा येऊ दे, लगेच निविदा काढतो. यात कुणाची चूक होती असं मला म्हणवत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला पुढे जायचा मान देत होता. मधल्या काळात त्या रस्त्याची दोन भूमिपूजनं झाली, राज्याचं महामार्गाच्या टोकाला आणि पालिकेचं वसाहतीच्या टोकाला, आणि दोन्ही नारळ मामांनीच तयार केले होते. दोन्ही पहिल्या फटक्यात फुटले. रस्ता तसाच राहिला. मामा रिक्षातून जाताना मोरी आली की मोठ्याने सांगत, "आता पालिका संपली. राज्यात आलो." वसाहतीच्या स्टँडवरचा एक रिक्षावाला शेजारच्या जुन्या गावातला होता. तो एकदा वैतागून म्हणाला, "ओ काका, खड्डा कोनाचा बी असूंदे, कंबर माजीच मोरते ना?" मामांनी त्याला समजावलं, "आरं, तुझी कंबर पन दोघांचीच हाय. मतदान दोन्हीकडं करतोस न्हवं?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मावशींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. मावशी म्हणजे ताईच्या सासूबाई. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं की व्यायामासाठी हॉस्पिटलात येत राहायचं आणि पाठीला गचका बसता कामा नये. आता घर आणि हॉस्पिटल यांच्या मधोमध ती मोरी. मग एक पद्धत पडली. मोरीच्या अलीकडे रिक्षा थांबायची. मावशी कमरेचा पट्टा आवळून उतरायच्या, मामांचा हात धरून खड्ड्याच्या कडेकडेने पलीकडे जायच्या, रिकामी रिक्षा आदळत आपटत मागून यायची, आणि मावशी पुन्हा बसायच्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. मावशींना ऊन लागायचं, घाम फुटायचा, आणि परत येताना हेच उलट. एके दिवशी पलीकडे पोहोचल्यावर त्या मामांना म्हणाल्या, "तुमच्या हातानं जगाचे रस्ते झाले. माझ्या पाठीपुरता एक हुतो का बघा. न्हाय तर मला गावी न्या. तिथं अंगणात तरी सपाट हाय." मामांना गावी जायचं नव्हतं. त्यांचा गाळा, त्यांचे कार्यकर्ते, त्यांची नात, सगळं इथे होतं. ते म्हणाले, "यंदा हुतोय बग. मी बोलतो."

आणि मामा खरोखर बोलले. एवढी वर्षं राज्यातल्या आणि पालिकेतल्या, दोन्ही पक्षांच्या माणसांनी त्यांच्या ओट्यावर चहा प्यायला होता, त्यामुळे त्यांना कुणी हाकलून देऊ शकत नव्हतं. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. खर्च वाट्याने आहे, तर नारळ दोन कशाला? एकच नारळ, बरोबर मोरीवर, राज्यातल्या साहेबांनी आणि पालिकेतल्या साहेबांनी दोघांनी मिळून धरायचा आणि फोडायचा. त्याच दिवशी दोघांनी आपापला हिस्सा भरायचा, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्नच उरत नाही. मला वाटलं होतं, कुणी ऐकणार नाही. पण निवडणूक जवळ होती, आणि नाही म्हणालो तर दुसरा आपलं नाव सांगेल, अशी दोघांनाही भीती होती. दोघांनी होकार दिला. मी मामांना म्हणालो, "मामा, आमच्या पुस्तकात याला समन्वय म्हणतात." ते म्हणाले, "म्हणू द्या. नारळ कुठला घेऊ ते सांग."

नारळ निवडायला त्यांनी गाळ्यावरची पोतीच्या पोती उपसली. त्यांची चिंता निराळीच होती. राज्यातल्या साहेबांचा खांदा दुखत होता, आणि मामांच्या अनुभवाप्रमाणे दोघांनी धरलेल्या नारळाला जोर कुणाचाच नसतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा लावील. म्हणून त्यांनी चीर नेहमीपेक्षा खोल दिली. कुंकूही जास्त भरलं. मावशी आतून बघत होत्या. "बेतानं," त्या म्हणाल्या, "माझी पाठ न्हवं ती."

भूमिपूजनाच्या सकाळी मोरीवर छोटा मांडव, पाटावर दगड, ताटात हळदकुंकू आणि मधोमध तो नारळ. वसाहतीतली बरीच माणसं आली होती. ताईने मावशींना घराच्या खिडकीशी खुर्ची टाकून दिली होती, तिथून मांडवाचं टोक दिसत होतं. सगळं वेळेवर होतं, फक्त साहेब नव्हते. म्हणजे दोघेही आले होते, पण राज्यातले साहेब महामार्गावरच्या पेट्रोल पंपाशी गाडीत बसून होते आणि पालिकेतले साहेब वसाहतीच्या फाटकाशी. आधी जाऊन दुसऱ्याची वाट बघायची दोघांचीही तयारी नव्हती. मांडवातले दोन कार्यकर्ते दोन फोनवर एकच वाक्य बोलत होते, "साहेब, अजून नाही आले ते." ऊन चढलं. मांडवाची सावली सरकत सरकत ताटावरून उतरली. मामा कासावीस झाले. भटजींना म्हणाले, "ताट जरा आत घ्या हो." भटजी म्हणाले, "मांडलेली पूजा हलवत नाहीत." मग मामा स्वतःच उन्हात उभे राहिले, आपली सावली नारळावर पडेल असे. सूर्य सरकला की ते सरकत. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला फोटोत यायचं आहे.

शेवटी कुणीतरी दोन्हीकडे एकाच वेळी खोटं सांगितलं की समोरचे निघाले, आणि दोन्ही गाड्या दोन्ही बाजूंनी एकदमच मोरीवर आल्या. गर्दी उसळली. हार, घोषणा, "साहेब इकडं बघा." या गडबडीत एका कार्यकर्त्याने मामांना दंड धरून बाजूला केलं, "काका, फ्रेम सोडा." त्यांची सावली ताटावरून गेली. दोन्ही साहेबांनी एकमेकांना नमस्कार केला, दोघांनी हात पुढे केले, आणि हात पोहोचायच्या आत ताटातून आवाज आला, टक्. उन्हाने तापलेला नारळ त्या खोल चिरेवर आपला आपणच उमलला. पाणी हळदीत वाहून गेलं. एक वाटी मोठी झाली, एक लहान. मोठी कलंडली ती पालिकेतल्या साहेबांच्या बाजूला.

मग पालिकेच्या बाजूचा एक जण म्हणाला, "बघा! मोठा वाटा आमच्याच गळ्यात! हे ठरवून आलेत." दुसरीकडून उत्तर आलं, "ठरवून तुम्ही आलात. साहेबांचा हात लागू नये म्हणून फुटका नारळ ठेवला? हा अपमान आहे." "नारळ कुणी आणला?" असा प्रश्न दोन्ही बाजूंनी एकदम आला, आणि मला वाटतं त्या दिवशीची तेवढीच एक गोष्ट दोघांनी मिळून केली. मामा हात जोडून पुढे झाले. "साहेब, नारळ माझा. चीर जरा खोल ग्येली." "तुला कुणी सांगितलं असं करायला?" मामांना खोटं सुचलं नसावं. ते म्हणाले, "आमच्या मंडळींच्या पाठीनं." यावर थोडे लोक हसले, आणि त्या हसण्यामुळे दोन्ही साहेबांचा राग पक्का झाला. दोघेही गाडीत बसले. रस्ता अरुंद असल्यामुळे गाड्या वळवता आल्या नाहीत, तेव्हा दोघांनाही आपापल्या तुकड्यावरचे सगळे खड्डे उलट्या दिशेने सोसत जावं लागलं. एवढाच काय तो त्या दिवशी रस्त्याला न्याय मिळाला. हिस्सा भरायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मी मामांबरोबर घरी गेलो. मावशी खिडकीशीच होत्या. त्यांना सगळं दिसलं नसलं तरी गाड्या मागे जाताना दिसल्या होत्या. मला वाटलं, आता खोचक टोमणा येईल, आणि तो आला असता तर बरं झालं असतं. पण त्या फक्त म्हणाल्या, "उन्हात का उभं ऱ्हायलात एवढं? तोंड बघा कसं झालंय." आणि ताईला माळ्यावरची मोठी बॅग खाली काढायला सांगितलं.

ते गावी गेले तेव्हा धाकट्या मुलाने पुण्याहून गाडी पाठवली होती आणि दाजींनी मागच्या सीटवर गादी अंथरली होती. दोघांनी आपापला हिस्सा न सांगता घातलेला मी पहिल्यांदाच बघितला, पण तो जाण्यासाठी होता. मोरीशी गाडी थांबली. मावशी उतरल्या. तो स्टँडवरचा रिक्षावाला आपली रिक्षा सोडून आला, त्याने दुसऱ्या बाजूने मावशींचा हात धरला आणि म्हणाला, "मावशे, रस्ता झाला का मीच येतो तुला घ्याला." पलीकडे पोहोचल्यावर मामा गाडीत बसले. राज्यात आलो, असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

आणि एवढं सगळं झाल्यावर, सांगायला संकोच वाटतो, रस्ता झाला. मधे निवडणूक होऊन गेली होती. मंडप नाही, हार नाही, एके सकाळी यंत्रं आली आणि कामाला लागली. मोरी नवी झाली, वर काँक्रीट पडलं. कडेला पाटी लागली, तिच्यावर राज्य आणि पालिका दोघांचीही नावं आहेत. कुणी कुणाच्या आधी हिस्सा भरला, हे मी दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दोन्हीकडे जाऊन विचारलं, तर दोन्हीकडे मला सांगण्यात आलं की आधी आम्हीच. सरांनी मला चांगले गुण दिले. मला अजून तो विषय समजलेला नाही.

मामांना ही बातमी पोहोचवायला मात्र फार दिवस लागले. त्यांच्या गावात रेंज टेकडावर चढल्याशिवाय येत नाही, अंगणात आली तर एखाद्या संध्याकाळी. दाजींनी एकदा सांगितलं, तर मामांना वाटलं, म्हाताऱ्यांना परत आणायला पोरगा खोटं बोलतोय. ताईचंही त्यांनी ऐकलं नाही. मग ताई मला म्हणाली, "तू सांग. तू कॉलेजातला, तुझं खरं वाटेल." मी दोनचार वेळा प्रयत्न केला आणि एका संध्याकाळी फोन लागला.

"मामा, रस्ता झाला," मी म्हणालो. "सगळा. मोरीसकट."

"गचका?"

"नाही बसत."

"आजिबात?"

"अजिबात नाही मामा. मोरी कधी गेली ते कळत पण नाही."

मग ते म्हणाले, "थांब, हिला सांगतो," आणि फोन तसाच हातात धरून त्यांनी हाक मारली, "आगं, ऐकलंस का? झाला म्हनं रस्ता!"

लांबून मावशींचा आवाज आला, "कुठला?"

फोनमध्ये चपलांचा आवाज येत होता, अंगणात कुणीतरी सावकाश, एका लयीत फेऱ्या मारत असल्यासारखा. तो आवाज जवळ आला, लांब गेला, परत जवळ आला.

"काय न्हाय," मामा म्हणाले. "तू चाल."

मग ते फोन बंद करायचं विसरले असावेत. मी कानाला लावून ऐकत राहिलो. थोड्या वेळाने पहिल्या चपलांच्या मागून दुसऱ्याही ऐकू यायला लागल्या.